पुराला गेलेला वैकुंठरथ

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला दर पावसाळ्यात एक फ्लेक्स बांधलेला असतो. विरारच्या बोळिंजमधल्या सगळ्याच जुन्या इमारतींच्या खिडक्यांना असं काही ना काही बांधलेलं दिसतं. कुणाचा ताडपत्रीचा तुकडा, कुणाचा हात जोडलेला उमेदवार, कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. रस्त्यावरून बघणाऱ्याला आमच्या खिडकीत दहीहंडीचे थर दिसतात. आत, पोळ्या लाटताना मला दिसते ती त्या फ्लेक्सची पाठ. पांढऱ्या पाठीवर जाड मार्करने माझ्याच शाळामास्तरणीच्या अक्षरात लिहिलेलं आहे, ‘पूरग्रस्तांसाठी मदत’. आता शाई फिकी झालीय, पण वाचता येतं. माझे मिस्टर दर ज्येष्ठात म्हणतात, की नवीन प्लॅस्टिक आणू, हे फाटलंय. मी म्हणते, चालतंय की अजून. त्याला कारण आहे आणि ते मी त्यांनाही कधी सांगितलेलं नाही.

श्रावण लागला की आमच्याकडे काहीच वाळत नाही. पंख्याखाली मोजे, दारामागे टॉवेल, गॅसच्या बाजूला इस्त्रीला टाकावी अशी ओली साडी, आणि सगळ्या घराला एक कुबट वास. आगाशीला माझ्या शाळेत चाचणी परीक्षा चालू असते. उत्तरपत्रिका दमट हवेनं मऊ पडतात, लाल पेन त्यांच्यावर फुटतं. निर्मळच्या वाड्यांतून सायकलींवर आणि स्कूटरींवर केळीच्या पानांचे भारे निघतात, टोपल्यांत तगर, जास्वंद, सोनचाफा. घरोघरी पूजा असतात. मध्येच लख्ख ऊन पडतं, लोक घाईघाईनं गच्चीवर गाद्या नेतात आणि जिना उतरेपर्यंत पुन्हा सर येते. सणांचे दिवस आहेत आणि लोकांना ते आवडतात, त्यात चूक काही नाही. मला मात्र या महिन्याची धास्ती वाटते. या दिवसांत आईची आठवण येते असं मी म्हणते, तेव्हा स्टाफरूममधल्या बायका माझ्याकडे प्रेमानं बघतात. त्यांना पुरणाचे दिंड आणि नागपंचमीची गाणी दिसत असणार. मला दिसते ती एक लाही.

परवा दत्तूकाकांचा फोन आला. तिकडे देशावर नद्या पुन्हा चढल्यात, आपलं दहीहंडीचं मंडळ सामान गोळा करतंय, शनिवारी गाडी निघणार. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “बाई, तो आपला फ्लेक्स आहे का हो अजून तुमच्याकडे?” मी खिडकीकडे बघितलं आणि आहे म्हणाले.

दत्तूकाका निर्मळचे. त्यांची केळीची वाडी आहे, थोडी फुलझाडं, थोडा भाजीपाला. त्यांची नात माझ्या वर्गात होती तेव्हापासून मी त्यांची ‘बाई’. घरात ते त्यांच्या वाडीच्या बोलीत बोलतात, मला त्यातलं निम्मं अजून कळत नाही, म्हणून माझ्याशी बोलताना पुस्तकातल्यासारखं नीट बोलतात. त्यांचे वडील गेले तेव्हा असाच पावसाळा होता. रस्त्यावर गुडघाभर पाणी, खांदेकरी दोनदा घसरले, आणि एकदा तिरडी पाण्याला टेकली. ते त्यांच्या मनाला फार लागलं. वर्षभरात त्यांनी कुणाची तरी जुनी, खटारा झालेली मेटॅडोर मिळवली, आत दोन्ही बाजूंना बाक बसवले, मध्ये तिरडी सरकवायला लोखंडी पट्ट्या ठोकल्या, पांढरा रंग काढला आणि दोन्ही अंगांवर निळ्या अक्षरांत ‘वैकुंठरथ’ लिहून गाडी मंडळाला देऊन टाकली. चालवायचे मात्र स्वतःच. पैसा घेत नसत. प्रत्येक फेरीनंतर गाडी तळ्याकाठी नेऊन धुवायची, आपण आंघोळ करायची, मगच घरात पाऊल. कुणी त्यांना विचारलं, की तुम्हाला कसंतरी होत नाही का, तर ते म्हणत, “ओझं कसलं ते गाडीला काय माहीत?”

पुराच्या त्या वर्षी हे वाक्य त्यांनी आम्हाला शंभर वेळा ऐकवलं असेल.

माझं माहेर कृष्णाकाठचं. गावाचं नाव लिहीत नाही, लिहून आता कुणाला काही मिळणार नाही. वडील लवकर गेले, मी एकुलती एक. आई एकटी राहायची, एक म्हैस, परड्यात चार भाज्या आणि भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या, भिंतींचं दोन खणांचं घर. विरारला ती कधीच आली नव्हती. म्हणजे मी तिला कधी आणलं नव्हतं. दर दिवाळीला म्हणायचे, पुढच्या सुट्टीत ये. आमचं घर वन रूम किचन. त्यात आम्ही दोघं, मुलगी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. आईला मी फोनवर सांगितलेलं होतं, की हवेशीर मोठा फ्लॅट आहे, गॅलरीत बसलं की झाडं दिसतात. झाडं दिसतात हे खरं होतं.

टीव्हीवर तिकडचं पाणी दिसायला लागलं, तेव्हा आईचा फोन बंद झालेला होता. चार दिवस मी शाळेत शिकवत होते आणि तासातासाला तोच नंबर लावत होते. पाचव्या दिवशी माझा चुलतभाऊ शिवा याचा फोन लागला. गावात छपरापर्यंत पाणी, माणसं बाहेर काढली, काकू शेजारच्या माळावरच्या गावात शाळेत आहे, बरी आहे. घर विरघळलं. म्हशीचं दावं काकूनं स्वतः विळ्यानं कापलं, पण म्हैस पोहत कुठं गेली कळलं नाही. मी म्हटलं, मी येते, आईला घेऊन जाते. शिवा म्हणाला, लवकर ये ताई, हितं तापाची माणसं वाढायला लागल्यात.

मंडळाकडे सामानाचा ढीग झाला होता, पण टेम्पो मिळेना. जे चांगले होते ते आधीच गेले होते, राहिलेल्यांचे मालक पाण्यात गाडी घालायला तयार नव्हते. गाडी एकच होती. बैठकीत कुणी तिचं नाव काढेना. शेवटी दत्तूकाकाच म्हणाले, की आमची आहे ना. दोन-तीन जण उठून गेले. खाण्याचं सामान त्या गाडीतून, लोक काय म्हणतील, असं एक जण म्हणाला, आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या गाडीत एक जागा मोकळी होती आणि मला आईकडे जायचं होतं. दत्तूकाकांनी गाडी तीनदा धुतली, गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला. नंदाखालचे फ्रान्सिसकाका, सगळी उमर बस चालवलेले, दुसरे ड्रायव्हर म्हणून आले. त्यांनी त्यांच्या चर्चमधून आणलेलं पवित्र पाणीही बॉनेटवर शिंपडलं. दोन्हीकडून बंदोबस्त झाला म्हणाले. चावी फिरवली की या गाडीचा भोंगा आपोआप रामनाम म्हणायला लागायचा. फ्रान्सिसकाकांनी त्याची वायर काढून खिशात टाकली.

त्या गाडीला जन्मात तिसरा गिअर लागलेला नव्हता. तिची दुनिया म्हणजे घर ते स्मशान, तेही माणसांच्या पायांच्या चालीनं. विरार फाट्याला हायवेवर आली तेव्हा तिचा सगळा पत्रा थरथरायला लागला. ट्रक आमच्यावर हॉर्न वाजवत आले, आणि जवळ आले की गप्प व्हायचे. घोडबंदरला हवालदारानं दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवून आम्हाला वाट करून दिली आणि टोपी काढली. बसमधली माणसं खिडकीतून छातीला हात लावत होती. एक बाई मुलीचं डोकं आपल्या पदरात झाकून घेताना मी पाहिली. आत बिस्किटांचे पुडे, ब्लँकेटं, मेणबत्त्या, पाण्याचे बॉक्स आणि सॅनिटरी पॅडची खोकी होती. लोक बिस्किटांना नमस्कार करत होते. फ्रान्सिसकाका पहिल्यांदा हसले, मग मीही हसले, आणि पनवेलपर्यंत आमचं ते हसू संपलं.

खोपोलीच्या घाटात इंजिन उकळलं. आत पिण्याच्या पाण्याचे एवढे बॉक्स, पण ते पूरग्रस्तांचं, त्याला हात लावायचा नाही असं दत्तूकाकांचं म्हणणं. मग फ्रान्सिसकाका दरडीवरून पडणाऱ्या पाण्याखाली बादली धरून उभे राहिले, नखशिखांत भिजले, आणि त्या घाटात आम्ही तीनदा थांबलो. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा वरून पायी उतरणारी एक म्हातारी जवळ आली. तिच्या हातात कुठल्याशा देवळातलं झेंडूचं फूल होतं. तिनं ते गाडीच्या मागच्या दारात, तांदळाच्या पोत्यावर ठेवलं, हात जोडले आणि मला विचारलं, की कोण गेलं गं बाई? त्या क्षणी मला भीती वाटली, अगदी साधी, लहान मुलाला वाटते तशी. मी या गाडीत बसून माझ्या आईकडे चालले होते.

फ्लेक्सची कल्पना माझी. तळेगावच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी म्हणाले, की नाव झाकू या. सामानावर पावसासाठी मागच्या वर्षीच्या दहीहंडीचे दोन फ्लेक्स टाकलेले होते. ते उलटे केले, पांढऱ्या बाजूवर मी मार्करनं लिहिलं आणि दोन्ही अंगांवर सुतळीनं बांधले. दत्तूकाका बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, “बाई, गाडीला काय लाज?” मी म्हटलं, गाडीला नाही हो, घेणाऱ्यांना वाटेल. त्यांनी मान हलवली. नाव झाकल्यावर रस्त्यावर कुणी आमच्याकडे बघेना, उलट लोक शिव्या घालून ओव्हरटेक करायला लागले आणि मला जरा बरं वाटलं.

साताऱ्याच्या अलीकडे एका मठात आम्ही मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी कराडच्या पुढे हायवे बंद, मग आतल्या रस्त्यांनी, विचारत विचारत. वास आधी आला. पाणी ओसरत असलेल्या गावांचा तो वास मी वर्णन करणार नाही. उसाच्या उंच शेतांवर शेंड्यापर्यंत चिखलाचा रंग, विजेच्या तारांवर गवत अडकलेलं, आणि एका पत्र्याच्या छपरावर एक मेलेली म्हैस, आभाळाकडे पाय करून. मी खाली उतरून तिच्या कानाकडे बघितलं. आमच्या म्हशीचा डावा कान फाटलेला होता. ही आमची नव्हती. अशा किती म्हशी मी त्या दिवशी बघितल्या ते आठवत नाही, पण प्रत्येकीचा कान बघितला.

माळावरच्या शाळेत मुलांचे बाक एकावर एक रचून ठेवलेले होते आणि वर्गांमध्ये माणसं. दुसरीच्या वर्गात, फळ्याखाली, आई बसली होती. फळ्यावर बेरजा तशाच होत्या. तिनं कुणाचंतरी हिरवं नऊवारी नेसलं होतं. ते तिला लांब होत होतं. ती मला बघून रडली नाही. “कवा निघालीस?” म्हणाली, “जेवलीस का?” मग माझ्या हातातून पिशवी घेतली, जणू मी एसटीतून उतरून घरीच आले होते.

सामान वाटताना ती माझ्याबरोबर उभी होती. माझी लेक मुंबईहून मदत घेऊन आली, हे तिनं रांगेतल्या प्रत्येकाला सांगितलं. तिच्यासाठी विरार म्हणजे मुंबईच. मी तिला म्हटलं, तुझं बोचकं घे, आपण निघू या. ती म्हणाली, की तुझ्या सासूबाईंची अडचण नको. मी म्हटलं, घर मोठं आहे गं. तिनं विचारलं, की ही गाडी कसली? आणि मी पटकन, जराही न अडखळता सांगितलं, की दवाखान्याची आहे. पांढरी गाडी, आत बाक. पटण्यासारखं होतं. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलाला मी रोज ओळखते. ते खोटं माझ्या तोंडून इतकं सहज आलं, की मलाच ते खोटं वाटलं नाही.

आई चढली. मागच्या बाकावर बसली, बोचकं मांडीवर. शिवानं खालून नमस्कार केला, तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. दत्तूकाका पुढे बसले, फ्रान्सिसकाका शेजारी. सामान उतरवल्यामुळे आता गाडीची जमीन उघडी पडली होती, त्या दोन लोखंडी पट्ट्यांसकट. आई खाली बघत होती. पट्टीच्या फटीत काहीतरी होतं, ते तिनं वाकून नखानं काढलं आणि तळहातावर घेतलं. एक लाही होती. तीनदा धुऊनही राहिलेली. फटीतून तिनं बोट फिरवलं, बोटाला काळा बुक्का लागला.

“ही काय गं?” तिनं विचारलं.

मी म्हणाले, “कुणीतरी चिवडा खाल्ला असेल.”

सत्तरीची बाई, जिनं नवरा, सासू, सासरा, दोन दीर यांच्या शेवटच्या वाटेवर स्वतःच्या हातानं भाजलेल्या लाह्या टाकायला दिल्या, तिला मी सांगत होते की तो चिवडा आहे. आईनं ती लाही पदराच्या टोकात बांधली. बोट बोचक्याला पुसलं. मग उठली, दार धरून खाली उतरली आणि बाजूला बांधलेल्या फ्लेक्सचं एक टोक उचलून बघितलं. तिला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकलेली होती.

मी मागोमाग उतरले. म्हटलं, अगं दुसरी गाडी मिळालीच नाही, मेल्यावरच बसायचं असं काही नसतं, या अंधश्रद्धा आहेत. बरंच काही बोलले. तिनं मला बोलू दिलं.

“सुमे,” ती म्हणाली, “गाडीचं मला काय बी न्हाई. तुझ्या आज्याला पुरातच बैलगाडीतनं न्हेला, आन त्याच गाडीतनं दुसऱ्या दिशी वैरण आणली आमी. आदी सांगितलं असतंस तर बसलो असतो की.” मग म्हणाली, “लेकीनं फसवून न्ह्यायचं म्हंजे, तिथं गेल्यावर आनि काय काय झाकून ठिवशील?”

आमच्याकडे बायकाही ‘बसलो’, ‘आलो’, ‘जातो’ म्हणतात. मी विरारला आल्यावर सहा महिन्यांत ते सोडलं, लोक हसायचे म्हणून. त्या दिवशी तिचं ते ‘बसलो असतो’ ऐकलं आणि मला वाटलं, हिनं माझं घर पाहिलंय. तो वन रूम किचन, सासूबाईंची खाट, सगळं. मी हट्ट करायला हवा होता. पाया पडायला हवं होतं. मी चिडले. चार माणसांत मला खाली पाहायला लावलं याचा मला राग आला, आणि त्या रागाखाली आणखी एक गोष्ट होती ती आज लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. आता तिला कुठे झोपवायचं हा प्रश्न नव्हता. मी शिवाच्या हातात तिच्यासाठी ब्लँकेट दिलं, पाणी उतरलं की एसटीनं येते न्यायला असं सांगितलं आणि गाडीत बसले. गाडी वळली तेव्हा ती दुसरीच्या वर्गाच्या दारात उभी होती, ते लांब लुगडं एका हातानं वर धरून. येताना सगळी वाट मी मागच्या बाकावर, तिच्या जागेवर बसले होते.

घरी आल्यावर एक फ्लेक्स मी आणला, दुसरा वाऱ्यानं कुठेतरी उडून गेला होता.

नंतरचे आठ-दहा दिवस मला नीट आठवतात. नागपंचमी झाली होती, सासूबाईंनी बोललेली सत्यनारायणाची पूजा घालायची होती. शाळा, चाचणी, पेपर, मुलीचे क्लास. आईची शिवाकडून खुशाली कळायची. एका दुपारी मी पूजेसाठी केळीची पानं आणायला निर्मळला गेले. तळ्याकाठी गाडी उभी होती, धुतलेली, दारं उघडी. उघड्या दारातून दत्तूकाकांचे पाय बाहेर आले होते, ते बाकावर झोपले होते. तळ्यात कमळं होती, ऊन पडलं होतं, सगळं अगदी शांत होतं. मी त्यांना उठवलं नाही. पानांचा भारा स्कूटरला बांधत होते तेव्हा फोन वाजला. शिवाचा नंबर, पण आवाज आईचा.

तिनं सगळ्यांची चौकशी केली. सासूबाईंची, मुलीच्या परीक्षेची. आवाज खोल गेलेला होता. म्हणाली, जरा कणकण हाय अंगात. मग म्हणाली, “सुमे, ती गाडी परत कवा येनार हाय इकडं? आता येतो मी. तीच गाडी आसू दे, चालंल मला.”

गाडी माझ्यापासून वीस पावलांवर उभी होती. मी म्हणाले, “आई, गाडी रिकामी नाही गं. इकडे पण आजार आहेत, रोज कुणी ना कुणी जातंय. पूजा झाली की मी येते.”

ती लगेच म्हणाली, “बरं बरं. त्यांची सोय आदी. मी काय, जित्ती हाय अजून.”

पूजा चांगली झाली. प्रसाद पुरला. त्या फोननंतर चौथ्या दिवशी तिला तालुक्याला दवाखान्यात नेलं आणि सहाव्या दिवशी ती गेली. आम्ही एसटीनं पोचलो तोवर सगळं उरकलेलं होतं. गावचं स्मशान गाळाखाली होतं, म्हणून माळावर नेलं, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून. रस्ता खड्ड्यांचा, तिरडी घसरू नये म्हणून शिवा आणि तिघं जण दोन्ही बाजूंनी धरून बसले होते. लाकडं ओली होती, डिझेल ओतावं लागलं. शिवा हे सगळं मला सांगत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, की तुमची ती गाडी असती तर बरं झालं असतं ताई. तिच्या बोचक्यात दोन लुगडी, रेशन कार्ड, माझ्या लग्नातला फोटो होता, पाण्यानं डाग पडलेला. त्या हिरव्या लुगड्याच्या टोकाला गाठ होती. मी ती सोडली नाही. लुगडं ज्या बाईचं होतं तिला धुऊन परत दिलं, गाठीसकट.

आता पुन्हा श्रावण आहे. काल शाळा सुटल्यावर मी खिडकीचा फ्लेक्स सोडला, घडी घातली आणि निर्मळला गेले. गाडी तळ्याकाठीच होती. नवा रंग दिलाय, निळी अक्षरं ठसठशीत केलीयत. फ्रान्सिसकाका आता नाहीत, त्यांच्या चर्चच्या आवारात त्यांना ठेवलंय. दत्तूकाका थकलेत, यंदा गाडी त्यांचा पुतण्या चालवेल, ते नुसते शेजारी बसणार. पोती भरणं चालू होतं. मी फ्लेक्स त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, काका, आणलाय, पण बांधू नका. नाव उघडं असू दे. कुठल्याही गावात शिरलात की आधी सांगा ही गाडी कसली आहे, मग सामान काढा.

ते गाडीच्या पायरीवर बसले, मीही बसले. त्यांनी त्या वर्षाची आठवण काढली. घाटातली बादली, हवालदाराची टोपी. मग म्हणाले, की त्या फेरीनंतर नवल झालं बघा, पुढचे पंधरा दिवस आपल्याकडे कुणी गेलंच नाही, गाडी नुसती उभी होती, वाटलं देवानं पुण्याई लावली गावाला.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. लाहीचं सांगितलं, चिवड्याचं सांगितलं. मग फोनचं सांगितलं, आणि तेव्हा ते आतल्या बाकावर झोपले होते, हेही सांगितलं. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते, आणि सांगताना मी रडले नाही, कदाचित आईसारखीच.

दत्तूकाकांनी फ्लेक्सची घडी मांडीवर सरळ केली.

“बाई,” ते म्हणाले, “मला उठवायचं होतंत. मी आंघोळ करून तसाच निघालो असतो.”

मग त्यांनी फ्लेक्सची घडी माझ्या मांडीवर ठेवली आणि पोती मोजायला उठले. मी घरी आले. पुन्हा सर आली होती, ओट्यावर पाणी साचलं होतं. मी फ्लेक्स खिडकीला परत बांधला, अक्षरं आतल्या बाजूला ठेवून.